आमच्याकडे चालते, पेढीवर अडते: डेस्कटॉप सॉफ्टवेअरमधील बिघाड शोधण्याची पद्धत

मशीद बंदरच्या मसाल्याच्या पेढ्या, काळबादेवीतील कापडाची दुकाने, दादरमधील औषधविक्रेते, अंधेरीच्या एमआयडीसीतील छोटे कारखाने अशा अनेक ठिकाणी बिल, साठा आणि उधारीचा हिशेब आजही संगणकावर बसवलेल्या डेस्कटॉप सॉफ्टवेअरवर चालतो. असे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने एक गोष्ट सतत ध्यानात ठेवली पाहिजे, ती म्हणजे त्याचे खरे आयुष्य दुसऱ्याच्या संगणकावर जाते. तिथली विंडोजची आवृत्ती वेगळी असते, ऑफिस ३२ बिटचे असेल की ६४ बिटचे याचा भरवसा नसतो, तारखेचा साचा, प्रिंटर, अँटिव्हायरस आणि वापरकर्त्याचे अधिकार यांपैकी काहीही आपल्यासारखे नसते. म्हणून ‘आमच्याकडे तर व्यवस्थित चालतंय’ असे म्हणून फोन ठेवण्याऐवजी त्याच वाक्यातून तपास सुरू करावा: आपल्याकडे आणि त्यांच्याकडे नेमका फरक कशात आहे? डेस्कटॉपवरील बहुतेक हट्टी बिघाडांचे मूळ या फरकातच सापडते.

पुढील उदाहरणे प्रामुख्याने विंडोजवरील सी शार्प आणि डॉट नेटची आहेत, पण जावा, पायथन किंवा क्यूटी वापरणाऱ्यालाही कारणे तीच आढळतील.

फोनवर काय विचारावे

‘सॉफ्टवेअर बंद पडलं’ या तक्रारीचे चार वेगवेगळे अर्थ असू शकतात. खिडकी अचानक नाहीशी झाली असेल, खिडकी दिसत असूनही काही दाबले जात नसेल, एररची चौकट आली असेल, किंवा सगळे सुरळीत चालून बिलावर आकडा चुकीचा आला असेल. या चारही प्रकारांचा तपास वेगळ्या दिशेने जातो, त्यामुळे कोड उघडण्याआधी यातला नेमका प्रकार कोणता ते ठरवावे.

“सर, बिल निघतच नाहीये.”

“काका, काही दाबू नका. स्क्रीनवर आत्ता काय दिसतंय ते जसंच्या तसं वाचून दाखवा.”

एवढ्या एका विनंतीने निम्मा अंदाज टळतो. विंडोजच्या साध्या संदेशचौकटीवर कंट्रोल आणि सी ही बटणे एकत्र दाबली की त्यातला पूर्ण मजकूर कॉपी होतो आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवता येतो, हे पेढीवरच्या माणसाला एकदा शिकवून ठेवावे. फोटो मागितलाच तर तो पूर्ण स्क्रीनचा मागावा, कारण चौकटीच्या मागे कोणता फॉर्म उघडा होता हेही महत्त्वाचे असते. त्यानंतर विचारावे की काल हे चालत होते का आणि कालपासून काय बदलले: विंडोजचे अपडेट, नवा प्रिंटर, नवा संगणक, की रोजचा माणूस रजेवर असल्याने दुसऱ्याच्या लॉगिनने काम चालू आहे?

खिडकी नाहीशी झाली असेल तर विंडोजमधील नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडून विंडोज लॉग्जमधील अ‍ॅप्लिकेशन हा भाग पाहावा. तिथे १००० क्रमांकाची नोंद प्रोग्रॅम कोसळल्याची असते आणि ती कोणत्या मॉड्यूलमध्ये कोसळला ते सांगते. १०२६ क्रमांकाच्या नोंदीत डॉट नेटच्या न पकडलेल्या एक्सेप्शनचा (चालताना उद्भवलेल्या चुकीचा) स्टॅक ट्रेस, म्हणजे चुकीपर्यंत पोचलेल्या कॉलची यादी, मिळतो, तर १००२ ही नोंद प्रोग्रॅम हँग झाल्याची असते. पुष्कळ जण ही नोंद न पाहताच सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवतात. त्याने तात्पुरते काम सुरू झाले तरी बिघाडाचे कारण तसेच राहते.

आपल्या प्रोग्रॅमने लिहिलेला स्वतःचा लॉग (घडामोडींची नोंदवही) मात्र याहून जास्त उपयोगी पडतो. प्रत्येक ओळीवर वेळ, आवृत्ती क्रमांक, वापरकर्ता आणि चालू कृती असावी. एक्सेप्शन नोंदवताना फक्त संदेश न लिहिता पूर्ण स्टॅक ट्रेस आणि आतले एक्सेप्शनही लिहावे. रिकामा कॅच ब्लॉक, म्हणजे चूक पकडून तिचे काहीच न करणारा कोड, किंवा जुन्या व्हीबीतील ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’, हा माझ्या मते या व्यवसायातला सर्वांत महागात पडणारा प्रकार आहे, कारण त्यामुळे चूक जिथे घडते तिथे दडपली जाते आणि तीन फॉर्म पुढे, वेगळ्याच रूपात, चुकीच्या आकड्यांनिशी प्रकट होते.

खिडकी गोठते तेव्हा

विंडोजमधील प्रत्येक खिडकीमागे संदेशांची एक रांग असते. माउसची क्लिक, कळ दाबणे, खिडकी पुन्हा रंगवण्याची सूचना हे सारे त्या रांगेत येते आणि एकच थ्रेड (प्रोग्रॅममधील कामाचा एक स्वतंत्र धागा), ज्याला यूआय थ्रेड म्हणतात, ते क्रमाने उचलतो. हा थ्रेड ५ सेकंद रांगेकडे फिरकला नाही तर विंडोज त्या खिडकीवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ असा शिक्का मारते. याचा अर्थ प्रोग्रॅम मेला असा नसून यूआय थ्रेड दुसऱ्याच कामात अडकला असा असतो, आणि ते काम बहुधा डेटाबेसचे, नेटवर्कवरील फाइलचे किंवा बंद असलेल्या प्रिंटरचे असते. आपल्या संगणकावर डेटाबेसमध्ये दोनशे नोंदी असतात, पेढीवर सहा वर्षांची बिले असतात. आपला डेटाबेस त्याच मशिनवर असतो, त्यांचा माळ्यावरच्या सर्व्हरवर असतो. म्हणून हा दोष आपल्याकडे दिसत नाही.

तो कुठे अडकला आहे ते पाहणे सोपे आहे. व्हिज्युअल स्टुडिओमध्ये प्रोग्रॅम चालू असताना ‘ब्रेक ऑल’ दाबावे आणि मुख्य थ्रेडचा कॉल स्टॅक वाचावा, म्हणजे सर्वांत वरच्या काही ओळींत दोषी कॉल दिसतो. पेढीवर व्हिज्युअल स्टुडिओ नसतो, तिथे सिसइंटर्नल्स या साधनसंचातील प्रॉकडंप हे छोटे साधन वापरावे. त्याला एच हा पर्याय दिला की खिडकी हँग झाल्याक्षणी ते डंप फाइल (प्रोग्रॅमच्या त्या क्षणीच्या स्थितीची नोंद) तयार करते आणि ती फाइल आपल्याकडे आणून निवांत तपासता येते.

उपाय म्हणजे लांबणारे काम यूआय थ्रेडवरून हलवणे. सी शार्पमध्ये २०१२ पासून असिंक आणि अवेट (थ्रेड न अडवता काम संपण्याची वाट पाहण्याची सोय) उपलब्ध असल्याने हे पूर्वीइतके किचकट राहिलेले नाही, पण येथे तीन खड्डे आहेत. पहिला असा की पार्श्वभूमीवरील थ्रेडवरून थेट टेक्स्टबॉक्स किंवा ग्रिडला हात लावता येत नाही. डीबगरखाली (चूक शोधण्याच्या साधनाखाली) ‘क्रॉस-थ्रेड ऑपरेशन’चा एरर लगेच येतो, मात्र डीबगरशिवाय ही तपासणी एरवी बंद असल्याने तोच कोड कधी चालतो आणि कधी ग्रिड अर्धवट रंगवतो. अशा वेळी इन्व्होक किंवा बिगिनइन्व्होक वापरून ते काम यूआय थ्रेडकडे सोपवावे. दुसरा खड्डा असिंक पद्धतीच्या टास्कवर ‘डॉट रिझल्ट’ लिहून थांबण्याचा आहे. यूआय थ्रेड टास्क संपण्याची वाट पाहतो, टास्कचा उरलेला भाग यूआय थ्रेड मोकळा होण्याची वाट पाहतो आणि दोघेही कायमचे अडकतात. येथे वरपासून खालपर्यंत अवेटच वापरणे हाच नीट उपाय आहे. तिसरा खड्डा ‘डूइव्हेंट्स’चा. लूपमध्ये ही ओळ टाकली की खिडकी हलू लागते म्हणून ती फार लोकप्रिय आहे, परंतु ती रांगेतील सगळेच संदेश उचलत असल्याने घाईत असलेल्या माणसाने ‘सेव्ह’ दोनदा दाबले तर पहिले सेव्ह पूर्ण होण्याआधी दुसरे सुरू होते आणि एकाच मालाची दोन बिले तयार होतात. काम सुरू होताच बटण निष्क्रिय करणे ही खबरदारी प्रत्येक सेव्ह बटणावर असावी.

जावाच्या स्विंगमध्ये याच थ्रेडला इव्हेंट डिस्पॅच थ्रेड म्हणतात आणि स्विंगवर्कर हे काम करतो. क्यूटीत वर्कर थ्रेडने सिग्नल पाठवून स्लॉट मुख्य थ्रेडवर चालवावा.

दुसऱ्या मशिनवर सुरूच होत नाही

इन्स्टॉल करून चिन्हावर दोनदा क्लिक केले आणि काहीच झाले नाही, किंवा एखादी डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी कोडची वेगळी फाइल) सापडत नाही असा संदेश आला, तर गृहीत धरावे की आपल्या मशिनवर व्हिज्युअल स्टुडिओबरोबर आलेली कोणती तरी गोष्ट त्यांच्याकडे नाही. व्हीसीरनटाइम१४० ही डीएलएल नसल्याचा संदेश व्हिज्युअल सी प्लस प्लसचे रीडिस्ट्रिब्युटेबल पॅकेज बसवले की जातो. ती एकटी डीएलएल इंटरनेटवरून कोणत्याही संकेतस्थळावरून उतरवून प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये टाकण्याचा मार्ग कधीही धरू नये.

सी०००००७बी हा कोड किंवा डॉट नेटमधील ‘बॅड इमेज फॉरमॅट’ हे एक्सेप्शन दिसले तर ३२ आणि ६४ बिटची सरमिसळ झाली आहे असा पहिला संशय घ्यावा. ३२ बिटच्या प्रोसेसमध्ये ६४ बिटची डीएलएल चढत नाही आणि उलटही होत नाही. जुन्या अ‍ॅक्सेस फाइलींवर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हा प्रश्न हमखास येतो, कारण जेट ओएलईडीबी ४.० हा त्या फाइली वाचणारा प्रोव्हायडर फक्त ३२ बिटमध्ये आहे. प्रोजेक्ट ‘एनी सीपीयू’वर बांधलेला असेल तर ६४ बिटच्या विंडोजवर तो ६४ बिटमध्ये चालू शकतो आणि मग ‘प्रोव्हायडर नोंदवलेला नाही’ असा दिशाभूल करणारा संदेश येतो. प्रोजेक्ट एक्स८६ साठी बांधला की बहुधा प्रश्न मिटतो.

हे सारे ग्राहकाकडे जाण्याआधी पकडायचे असेल तर कोरी मशीन हाताशी ठेवावी. विंडोजच्या प्रो आवृत्तीत, विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीपासून, विंडोज सँडबॉक्स मिळतो. तो प्रत्येक वेळी नवी कोरी विंडोज उघडतो आणि बंद केल्यावर सगळे पुसून टाकतो. इन्स्टॉलर तिथे चालला नाही तर लॅमिंग्टन रोडवरून आजच आणलेल्या नव्या संगणकावरही तो चालणार नाही.

फाइल लिहिता येत नाही, फाइल अडकते, फाइल मोडते

विंडोज व्हिस्टापासून साध्या वापरकर्त्याला प्रोग्रॅम फाइल्स फोल्डरमध्ये लिहिता येत नाही. मॅनिफेस्ट (लागणारे अधिकार सांगणारी नोंद) नसलेल्या जुन्या ३२ बिटच्या प्रोग्रॅमला विंडोज सवलत देते, पण ती सवलतच जास्त गोंधळ करते: प्रोग्रॅम समजतो की आपण आपल्याच फोल्डरमध्ये लिहिले, प्रत्यक्षात फाइल त्या वापरकर्त्याच्या व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरमध्ये जाते. एकाच संगणकावर सकाळच्या आणि संध्याकाळच्या पाळीतल्या माणसांना वेगवेगळा डेटा दिसत असेल तर प्रथम तिथे पाहावे. सगळ्यांचा सामाईक डेटा प्रोग्रॅमडेटामध्ये आणि एकट्या वापरकर्त्याची सेटिंग्ज अ‍ॅपडेटामध्ये ठेवावीत. रोज ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करायला सांगणे हा उपाय नव्हे. सुरक्षेचा प्रश्न तर आहेच, शिवाय तसे चालवल्यावर एरवी दिसणारा नेटवर्कचा झेड ड्राइव्ह बहुधा दिसेनासा होतो आणि एका तक्रारीच्या दोन तक्रारी होतात.

नेमकी कोणती फाइल अडते आहे हे कळत नसेल तर प्रोसेस मॉनिटर चालवावा. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांच्या सिसइंटर्नल्समधील हे साधन २००६ पासून मायक्रोसॉफ्टकडे आहे आणि विनामूल्य मिळते. आपल्या प्रोग्रॅमचे नाव गाळणीत टाकून ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ आणि ‘नेम नॉट फाउंड’ असे निकाल आलेल्या ओळी वाचाव्यात. ज्यावर दोन दिवस तर्क चालले असते ते येथे बहुधा दहा मिनिटांत दिसते. ‘फाइल दुसरी प्रोसेस वापरत आहे’ असा एरर असेल तर प्रोसेस एक्सप्लोररमध्ये फाइलचे नाव शोधावे. पुष्कळदा ती दुसरी प्रोसेस म्हणजे एक्सेलमध्ये उघडा राहिलेला कालचा रिपोर्ट असतो, आणि तितक्याच वेळा आपलाच प्रोग्रॅम असतो, कारण फाइल, काम संपताच ती आपोआप बंद करणाऱ्या ‘यूझिंग’ ब्लॉकमध्ये न उघडल्याने बंदच झालेली नसते.

वीज जाण्याचाही विचार कोडमध्ये असावा. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबई आणि आसपासच्या मोठ्या भागाची वीज एकाएकी गेली, तेव्हा यूपीएस नसलेल्या प्रत्येक संगणकावर त्या क्षणी जी फाइल लिहिली जात होती ती अर्धवट राहण्याचा धोका होता. सेटिंग्जची फाइल थेट तिच्याच जागी लिहिली आणि मध्येच वीज गेली तर ती शून्य बाइटची होऊ शकते आणि दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅम सुरूच होत नाही. त्याऐवजी नवा मजकूर तात्पुरत्या फाइलमध्ये पूर्ण लिहावा, डिस्कवर उतरवावा आणि मग ‘फाइल रिप्लेस’ने जुन्या फाइलच्या जागी बसवावा, म्हणजे जुनी किंवा नवी यांपैकी एक फाइल शाबूत राहते.

एसक्यूलाइट या डेटाबेसची फाइल सामाईक नेटवर्क फोल्डरमध्ये ठेवून चार काउंटरवरून वापरणे टाळावे, कारण नेटवर्कवरचे फाइल लॉकिंग भरवशाचे नसते. अ‍ॅक्सेसच्या फाइलला २ जीबीची मर्यादा आहे, हेही वर्षानुवर्षे चालणाऱ्या पेढीबाबत आधीच लक्षात घ्यावे.

मराठी अक्षरे बिघडतात तेव्हा

या प्रश्नावर परदेशी मार्गदर्शिकांत फारसे काही मिळत नाही आणि आपल्या ग्राहकांना तो रोज भेडसावतो, म्हणून येथे थोडे थांबू या.

आधी बिघाडाचे रूप नीट पाहावे. नावाच्या जागी प्रश्नचिन्हे दिसत असतील तर अक्षरे साठवतानाच नष्ट झाली आहेत आणि ती परत मिळणार नाहीत. एसक्यूएल सर्व्हरमध्ये स्तंभ व्हारकार (साधारणपणे युनिकोड न साठवणाऱ्या) प्रकारचा असला, किंवा स्तंभ एनव्हारकार असूनही क्वेरीतील मजकुरापुढे एन हे अक्षर लावले नाही, तर असे होते. पॅरामीटर वापरणाऱ्याला दुसरी चूक सहसा होत नाही. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत असतील तर डेटा ठीक असून फॉन्टमध्ये देवनागरी नाही. टोपीवाली आणि टिंबवाली रोमन अक्षरे एकामागून एक दिसत असतील तर यूटीएफ-८ मजकूर दुसऱ्याच एन्कोडिंगने (अक्षरे बाइटमध्ये साठवण्याच्या रीतीने) वाचला गेला आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, त्यामुळे प्रत्येक अक्षराची तीन-तीन चिन्हे होतात. सीएसव्ही फाइल दोनदा क्लिक करून एक्सेलमध्ये उघडल्यावर हे हमखास दिसते, आणि फाइलच्या सुरुवातीला यूटीएफ-८ ची बीओएम खूण लिहिली की एक्सेल ती बरोबर वाचते. या तीन रूपांतला भेद कळला की डेटाबेस, फॉन्ट आणि फाइल यांपैकी कुठे पाहायचे ते लगेच ठरते.

आता शोधाचा प्रश्न. ग्राहकांच्या यादीत ‘गोऱ्हे’ हे आडनाव डोळ्यांना दिसते आहे, पण शोधखिडकीत तेच नाव टंकले की ‘नोंद सापडली नाही’ असे उत्तर येते. डीबगरमध्ये दोन्ही स्ट्रिंगची लांबी पाहिली तर एकीची ६ आणि दुसरीची ७ निघते. याचे कारण असे की ऱ्ह मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो: ०९३१ या क्रमांकाचा ऱ आणि त्यापुढे हलन्त, किंवा ०९३० या क्रमांकाचा साधा र, हलन्त आणि त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर नावाचे अदृश्य चिन्ह. एका कीबोर्डने पहिली रीत वापरली, दुसऱ्याने दुसरी, आणि पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. साध्या र नंतर नुक्ता देऊन लिहिलेला ऱ ही तिसरी रीत. डॉट नेटची नॉर्मलाइझ ही, एकाच अक्षराची रूपे एकसारखी करणारी, पद्धत फॉर्म सी मध्ये वापरली तर पहिली आणि तिसरी एक होतात, पण जॉइनरवाली तशीच राहते. ती आपल्यालाच बदलावी लागते: जिथे र, हलन्त आणि जॉइनर हा क्रम दिसेल तिथे ऱ आणि हलन्त ठेवावे. सगळे जॉइनर सरसकट काढून टाकू नयेत, कारण तसे केल्यास ऱ्ह चा र्ह होतो आणि ‘गोऱ्हे’ यांचे नाव ‘गोर्हे’ असे छापले जाते. आपल्या आडनावाची अशी मोडतोड कोणालाच आवडत नाही, आणि ते योग्यही आहे. ही एकसारखी केलेली रूपे शोधासाठी वेगळ्या स्तंभात साठवावीत आणि शोधाच्या शब्दावरही तीच क्रिया करावी.

आकड्यांतही असाच एक सापळा आहे. मराठी कीबोर्डवरून ‘१२’ टंकले तर डॉट नेटमधील ‘इझडिजिट’ ही तपासणी ते अंक असल्याचे मान्य करते, मात्र ‘इंट पार्स’ त्याच स्ट्रिंगवर फॉरमॅटचे एक्सेप्शन देते. म्हणजे वैधता तपासणीतून पार पडलेला आकडा पुढच्याच ओळीत प्रोग्रॅम पाडतो. पार्स करण्याआधी देवनागरी अंक रोमन अंकांत बदलणारी एक छोटी पद्धत लिहून ती सगळीकडे वापरावी.

थर्मल प्रिंटरवर मालाची नावे रकान्यात बसवण्यासाठी स्ट्रिंगची लांबी मोजून मोकळ्या जागा भरण्याची पद्धत देवनागरीला लागू पडत नाही. ‘श्री’ हे एक अक्षर चार चिन्हांचे बनते, म्हणून रुंदी पिक्सेलमध्ये मोजावी आणि ओळ चित्ररूपाने प्रिंटरकडे पाठवावी. रुपयाच्या चिन्हाचेही तसेच. आयआयटी मुंबईत शिकलेल्या डी. उदयकुमार यांनी रेखाटलेले हे चिन्ह २०१० मध्ये स्वीकारले गेले आणि त्याच वर्षी युनिकोडमध्ये आले, पण अनेक थर्मल प्रिंटरच्या अंगभूत अक्षरसंचात ते नाही. तिथे ‘रु.’ छापणे बरे.

पैसे, तारखा आणि बिल क्रमांक

पैशांसाठी फ्लोट किंवा डबल वापरू नये. द्विमान पद्धतीत ०.१ अचूक साठवता येत नाही, म्हणून ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते आणि महिन्याच्या ताळेबंदात कुठूनसा एक पैसा उगवतो. सी शार्पमध्ये डेसिमल हा प्रकार याचसाठी आहे.

पूर्णांकनाचा दोष अधिक लपून बसतो. डॉट नेटची मॅथ राउंड ही पद्धत, वेगळे काही सांगितले नाही तर, नेमक्या अर्ध्यावर असलेला आकडा जवळच्या सम संख्येकडे नेते. त्यामुळे २१३.५० चे २१४ होतात, पण २१२.५० चे २१२ होतात. मुनीमजी वहीत २१३ मांडतात, आणि त्यांचेच बरोबर आहे: केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १७० मध्ये कर आणि कायद्याखालील देय रकमांसाठी ५० पैसे किंवा जास्त असल्यास पुढचा रुपया धरावा असे सांगितले आहे. ‘अवे फ्रॉम झिरो’ हा पर्याय स्पष्टपणे द्यावा. एक रुपयाचा फरक कधी येतो आणि कधी येत नाही अशी तक्रार आली तर बिलाची बेरीज ५० पैशांवर संपते का ते पाहावे.

तारखांबाबत एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. महिन्याच्या १२ तारखेपर्यंत सगळे चालते आणि १३ तारखेला एरर येतो, अशी तक्रार असेल तर दिवस आणि महिना यांची अदलाबदल होते आहे असे जवळजवळ खात्रीने समजावे. त्या संगणकाची रीजनल सेटिंग्ज अमेरिकी पद्धतीची असतात, ०५/०६ ही ५ जून ऐवजी ६ मे म्हणून साठवली जाते आणि १३ व्या महिन्यापाशी अडते. एरर देणारी तारीख सहज दुरुस्त होते, पण त्याआधी निमूटपणे चुकीच्या साठलेल्या बारा दिवसांच्या नोंदी शोधून सुधाराव्या लागतात, हे काम विसरू नये. क्वेरीत तारीख मजकूर म्हणून न जोडता पॅरामीटरने द्यावी. भारतीय प्रमाणवेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे, म्हणून फरक पूर्ण तासांत साठवणारा कोड अर्धा तास हरवतो.

दोन काउंटर असलेल्या दुकानात ‘सर्वांत मोठा क्रमांक अधिक एक’ या पद्धतीने बिल क्रमांक काढला तर गर्दीच्या वेळी दोघांनाही तोच क्रमांक मिळू शकतो. जीएसटीच्या नियमांनुसार आर्थिक वर्षात बिल क्रमांक पुन्हा येता कामा नये, म्हणून स्तंभावर युनिक बंधन असावे आणि क्रमांक ट्रान्झॅक्शनच्या आतच घ्यावा.

हळूहळू मंदावणे

सकाळी वेगाने चालणारा प्रोग्रॅम संध्याकाळी रेंगाळतो आणि मग काही बटणे रंगवलीच जात नाहीत, तेव्हा टास्क मॅनेजरच्या डिटेल्स भागात जीडीआय ऑब्जेक्ट्स (पडद्यावर रेखाटण्यासाठी विंडोजकडून घेतलेल्या वस्तू) हा स्तंभ लावून पाहावे. एका प्रोसेसला साधारणपणे १०,००० जीडीआय हँडलची मर्यादा असते. प्रत्येक बिलागणिक हा आकडा वाढून परत खाली येत नसेल तर कोणता तरी फॉन्ट, ब्रश किंवा बिटमॅप डिस्पोझ होत नाही, म्हणजे वापरानंतर सोडला जात नाही. मेमरी वाढत असेल तर बंद केलेले फॉर्म इव्हेंटच्या नोंदणीमुळे अडकून राहिले आहेत का ते तपासावे: फॉर्मने दीर्घकाळ जगणाऱ्या ऑब्जेक्टच्या इव्हेंटला हँडलर जोडला आणि बंद होताना काढला नाही, तर न लागणारी मेमरी मोकळी करणारा गार्बेज कलेक्टर त्याला हात लावू शकत नाही.

सुधारणा पाठवताना

मागच्या आवृत्तीत चालणारी गोष्ट नव्यात बिघडली असेल तर कोड वाचत बसण्यापेक्षा गिट या कोडचे बदल जपणाऱ्या साधनातील बायसेक्ट वापरावा. दर टप्प्याला अर्धे बदल बाद होत असल्याने हजार कमिटमधून (नोंदवलेल्या बदलांतून) दोषी कमिट साधारण दहा तपासण्यांत सापडते. ग्राहकाला दिलेल्या प्रत्येक आवृत्तीच्या पीडीबी फाइली (पत्ते आणि कोडच्या ओळी यांचा मेळ सांगणाऱ्या) जपून ठेवाव्यात, कारण त्यांच्याशिवाय डंपमधील पत्त्यांवरून कोडची ओळ काढता येत नाही, आणि नंतर पुन्हा बांधलेल्या पीडीबी जुन्या डंपशी जुळत नाहीत.

दुरुस्ती आधी एका काउंटरवर बसवावी, एक पूर्ण दिवस खऱ्या बिलांवर चालू द्यावी आणि संध्याकाळी तिथला लॉग मागवून पाहावा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात फक्त अडलेले काम सोडवणारा बदल पाठवावा, त्यासोबत दुसरी कोणतीही सुधारणा जोडू नये. १ एप्रिलला नव्या आर्थिक वर्षाचे पहिले बिल योग्य क्रमांकाने निघाले की नाही, हे पेढी उघडताच फोन करून विचारावे.